बोटभर फट

आमच्या विमानाचे फ्लॅप मी आखले. त्यांचं गणित केलं, पुठ्ठ्याचे नमुने कापून पाहिले, चार वेळा कागद फाडून पुन्हा बसले. नवरा निवृत्तीनंतर नोएडातल्या एका भाड्याच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधत होता. ते उतरवायचं होतं हरियाणात, मित्राच्या शेतात. पट्टी आखूड, आणि तिच्या टोकाला विजेच्या तारा. विमान जितकं हळू उतरेल तितकं बरं, आणि हळू उतरणं सगळं फ्लॅपवर, म्हणजे पंखाच्या मागे खाली झुकणाऱ्या त्या फळीवर अवलंबून. कॉलेजात मी हाच विषय शिकवत आले, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

माझा फ्लॅप पंखाला चिकटलेला नव्हता. मागच्या कडेखाली बोटभर फट सोडून तो लटकत होता. खालची हवा त्या फटीतून वर येते आणि झुकलेल्या फ्लॅपच्या पाठीला धरून वाहते, म्हणून पंख कमी वेगातही विमान पेलतो. फट बुजवली की हवा ती पाठ सोडून देते, आणि ज्या वेगाला विमान तरंगेल असं माझं गणित सांगत होतं, त्या वेगाला ते खाली बसतं. सगळी करामत त्या फटीत होती.

करोल बागेत गाड्यांचे पत्रे घडवणाऱ्या एका मिस्त्रीला आम्ही काम दिलं होतं. माणूस कसबी. फ्लॅप बसवल्याचा त्याचा फोन आला तशी मी शेडवर गेले. विमान देखणं दिसत होतं. फ्लॅप पंखाला असा चपखल बसवला होता की मधून पोस्टकार्डही गेलं नसतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मिस्त्रीजी, गैप कहाँ गया?"

"मैडम, साहब ने लिखके दिया था," म्हणत त्यानं माझंच ड्रॉइंग पुढे केलं. फटीच्या मापावर हिरव्या शाईची रेघ, आणि बाजूला नवऱ्याचं सुबक अक्षर: 'गैप अनावश्यक। बंद किया जाए।'

नवऱ्याची उभी नोकरी दिल्लीत, केंद्राच्या मंत्रालयात गेली. तिथे खालून आलेला मसुदा एकही दुरुस्ती न होता पुढे गेला, तर साहेबांनी तो वाचलाच नाही असं समजतात. ती खोड अजून सुटलेली नाही. मी केलेली वाणसामानाची यादीही तो सुधारून देतो. तेवढं मी हसून सोडत आले. पण पंख म्हणजे काय फाईलवरची टिप्पणी आहे?

तेवढ्यात तो चहाचे ग्लास घेऊन आला. मी कागद त्याच्या नाकासमोर धरला.

"अगं, ते उघडं उघडं दिसत होतं, फिनिशिंग राहिल्यासारखं. म्हटलं, तुझ्या नजरेतून सुटलं असेल."

"सुटलं असेल? मिलिमीटरमध्ये माप लिहिलंय मी! शेजारच्या खोलीत होते. एकदा विचारता आलं नाही?"

"अच्छा बाबा, चूक झाली. बदलून घेऊ, त्यात काय एवढं. पण मिस्त्रीसमोर ओरडायची गरज होती का?"

म्हणजे लाज कसली, तर मिस्त्रीची! हा माणूस त्या विमानात स्वतः बसणार होता, माझ्या गणितावर डोळे मिटून विश्वास टाकून, आणि ते गणित त्यानंच खोडलं होतं.

"तुम्ही तारांत गेला असता," मी म्हणाले. आवाज फाटला माझा. "मिस्त्रीकडचा हा कागद बघायला कोण आलं असतं? घरच्या ड्रॉइंगवर ही हिरवी रेघ नाही, सही मात्र माझी आहे. लोक म्हणाले असते, बायकोचं गणित चुकलं. आणि मीही तेच धरून बसले असते. उरलेला जन्म ते गणित पुन्हा पुन्हा करत."