आई गावाला गेली

मंगलमावशींचे उपकार माझ्यावर सर्वांत मोठे. सुरतच्या उधन्यात त्या आमच्या शेजारी राहतात, साड्यांना टिकल्या लावतात.

"पोटात काहीच दोष नाही," डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा माझ्या लेकीचा, आर्याचा हात मावशींच्याच हातात होता. "हिला सेपरेशन अँग्झायटी आहे."

म्हणजे जवळचं माणूस नजरेआड झालं की ते परत येणार नाही, ही भीती. ती अंगात उतरते. पोट खरंच दुखतं, मूल नाटक करत नाही.

सोनोग्राफी, रक्त, लघवी, सगळं नॉर्मल होतं. घराण्यातला पहिला पदवीधर मी, बँकेत नोकरीला. पण दवाखान्याच्या बाकावर काय विचारावं ते सुचत नव्हतं, आणि घरी विचारायला कोणी नव्हतं.

त्रास कधी वाढतो, असं डॉक्टरांनी विचारलं. मावशींनी सांगितलं, गल्लीत कोणी गावाला निघालं की. त्या वर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला अर्धी गल्ली खानदेशात निघाली. भरलेल्या पिशव्या पाहून आर्याला उलट्या झाल्या.

मग मला बोलावं लागलं. त्याआधीच्या थंडीत तिची आई वारली. एवढ्याशा पोरीला कसं सांगायचं, म्हणून आम्ही म्हणालो, आई गावाला गेली.

"तिला खरं सांगा, साध्या शब्दांत," डॉक्टर म्हणाल्या.

मला कितीतरी दिवस जमलं नाही. शेवटी मावशी आमच्या खाटेवर येऊन बसल्या आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "पोरले खरं सांगी टाक, भाऊ. मी बाजूले बठस."

मी सांगितलं. आर्याने मावशींचा पदर धरला. मग म्हणाली, "आणि गावाला गेलेले बाकीचे?"

"त्या परत येतस, बेटा," मावशी म्हणाल्या.

भीती लगेच गेली नाही. समुपदेशनाला जात राहिलो. पूर्वी शाळेच्या फाटकातून मी तिची नजर चुकवून सटकायचो. आता सांगून निघतो. तुमच्या घरी असं मूल असेल, तर रडलं तरी चालेल, पण सांगून जा.

यंदा अखाजीला मावशी गावी गेल्या. त्यांना मी लिहिलं:

ती. मंगलमावशींस,
सा. न.
तुम्ही निघालात तेव्हा आर्या रडली, पण उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. तुमच्या मांजरीला तीच दूध घालते. काल तिने आईच्या फोटोला स्वतः हार घातला आणि मला म्हणाली, "पप्पा, मावशी येणार आहेत. तुम्ही घाबरू नका."
संध्याकाळी तुमच्या दाराचं कुलूप माझ्याच्याने पाहवत नाही. लवकर या.