झेरॉक्सवाल्या काकू आणि माझी यादी

"कित्याक होयी?" कशाला हवी, हे विचारल्याशिवाय काकूंनी झेरॉक्स मशीनचं झाकण कधी उचललं नाही. नायगावच्या आमच्या चाळीच्या फाटकाशी त्यांचं दुकान. कारण सांगितलं की कॉपी निघायची आणि काकू स्वतः तिच्यावर तिरकं लिहायच्या, 'फक्त गॅसच्या कामासाठी'. खाली तारीख. आधार कार्डातला माणूस गजाआड गेल्यासारखा दिसायचा.

मी एका ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात, त्यामुळे मला याची फार गंमत वाटायची. पासवर्ड कसा असावा यावर न विचारता तासभर बोलणारा एक शहाणा तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या चाळीत तो मी होतो.

पुनर्विकासाची कागदपत्रं सुरू झाली तेव्हा कमिटीने बिऱ्हाडांची यादी करायचं काम साहजिकच माझ्याकडे दिलं. नाव, खोली, मोबाईल, आधार नंबर. एका रविवारी मी ती इंग्रजीत टाइप केली आणि सगळ्यांच्या सोयीसाठी उघडी लिंक करून ग्रुपवर टाकली. कोणीही उघडा, कोणालाही पाठवा. ढीगभर अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी हाक मारली. "झिला, ह्यात सगळ्यांचे नंबर दिसतत रे."

"काकू, ही टेक्नॉलॉजी आहे," मी म्हणालो. "तुम्ही झेरॉक्स बघा."

हसत म्हटलं होतं. आता आठवलं की कान गरम होतात.

आठवड्याभरात चाळीत ज्याच्या त्याच्या खिशात फोन वाजू लागले. कर्ज हवंय का, नव्या फ्लॅटला किचन ट्रॉली बसवायची का. दोघातिघांना ओटीपी मागणारेही भेटले, तेसुद्धा आधार नंबर घडाघडा म्हणून दाखवणारे. लोक घाबरले आणि दोषी शोधू लागले. सगळ्यांची आधार कार्डं कुणाच्या मशीनमधून गेली होती? काकूंच्या. तोंडावर कोणी काही बोललं नाही, फक्त कागद घेऊन परळच्या दुकानात जाऊ लागले. काकू रिकाम्या मशीनवर फडकं फिरवत बसायच्या. मला विचारलं तेव्हा मीही जिन्यात तज्ज्ञाचं मत दिलं होतं, "मशीनमध्ये मेमरी असते हो."

मग एका सकाळी शेजारचे गावडे तणतणत दारात आले. "तिसरा फोन आहे हा! जो तो मला गाढवे म्हणतोय. मिस्टर गाढवे, होम लोन!"

मी खो खो हसलो. हसताहसता काहीतरी टोचलं म्हणून यादी उघडली. गावडेंच्या नावात माझ्याकडून डी आणि डब्ल्यूची अदलाबदल झाली होती. झालं होतं 'गाडवे'. ही चूक त्यांच्या कुठल्याच कागदावर नव्हती, फक्त माझ्या यादीत होती. गाढव कोण ते कळलं.

दोन दिवस धीर गोळा करून मी दुकानात गेलो.

"काकू, ते फोन माझ्यामुळे येतायत."

"म्हायत आसा माका."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"माझ्यावर कोण इश्वास ठेवतलो? तूच सांगशीत म्हटलंय." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लिंक बंद केलंस?"

केली नव्हती! दोन दिवस पश्चात्तापात इतका बुडालो होतो, की ते सुचलंच नव्हतं. तिथेच, त्यांच्या देखत, बंद केली. संध्याकाळी अंगणात सगळ्यांना बोलावून कबुली दिली. गावडे एवढंच म्हणाले, "आणि आम्ही त्या बाईवर...".

काकूंची माफी कोणी शब्दांत मागितली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दुकानात गर्दी झाली. नको असलेल्या कागदांच्याही झेरॉक्स निघाल्या. फोन मात्र थांबले नाहीत. एकदा बाहेर गेलेला नंबर परत बोलावता येत नाही.

चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा काकूंनी कुडाळला गावी जायचं ठरवलं. मशीन विकलं. शेवटच्या दुपारी त्या पायरीवर बसून बिघडलेल्या जुन्या कॉप्यांचं पोतं रिकामं करत होत्या, एकेक कॉपी फाडत. मी शेजारी बसलो आणि फाडू लागलो. एका कागदावर माझाच चेहरा निघाला, काळपट, अर्धा कापलेला, कॉलेजच्या वेळचा.

काकूंनी तो हातात घेतला, उन्हाकडे धरला. "किती बारीक होतंस रे," म्हणाल्या. थोडा वेळ पाहत राहिल्या, आणि मग सावकाश त्याचे चार तुकडे केले.