आमच्या वाडीतला चोरभोंगा

या सदरात पिंपळावरची हडळ किंवा पांढऱ्या साडीतली बाई आली, की मी मुकाट्यानं पान उलटते. माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. मी जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलं... सेल, तार आणि छोटा दिवा घेऊन सर्किट म्हणजे काय ते कितीतरी वर्गांना दाखवलं. तार तुटली की दिवा विझतो, यात देव येत नाही आणि भूतही येत नाही, असं मी मुलींना ठणकावून सांगायची. तरीही आज लिहिते आहे, कारण एक गोष्ट मनात वागवून वागवून आता कंटाळा आला आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही गिरगावात एका वाडीत राहत होतो. मधे चौक, चौकात नळ, दोन्ही बाजूंना दुमजली चाळी. आमची खोली डावीकडच्या चाळीत तळमजल्यावर. घरात मी, माझे यजमान माधवराव आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी वाडी माई म्हणे. आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, यांचा लहानपणापासूनचा मित्र वसंत आणि त्याची आई शांताकाकू. काकू मालवणकडच्या, लवकर विधवा झालेल्या. वसंत एकुलता एक.

आमचं घराणं जुनं मुंबईकर. कधीकाळी थोडी जागाजमीन होती म्हणतात. माझ्या वाट्याला सासऱ्यांची मोटार तेवढी आली. लढाईच्या आधीची विलायती गाडी, चौकाच्या कोपऱ्यात उभी असायची. एकदा वाडीतूनच तिची स्टेपनी चोरीला गेली, तेव्हा सासऱ्यांनी स्वतः खटपट करून तिला एक भोंगा बसवला. ड्रायव्हरच्या सीटखाली एक चोरस्विच होता. दार उघडल्यावर तो लगेच दाबला नाही, की भोंगा बोंब मारणार. वाडीनं त्याचं नाव ठेवलं चोरभोंगा. सासरे होते तोवर तो शहाण्यासारखा वागला.

ते गेले त्या वर्षीच्या दसऱ्याला माईंनी गाडीची पूजा केली. सगळेच करतात... झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ. पण माईंना तेवढ्यानं समाधान नाही. "तो स्विच यांच्या हातचा आहे," म्हणाल्या, आणि सीट उचलून त्या स्विचला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि वरून नारळाचं पाणी! मी शाळेतलं सरस्वतीपूजन आटोपून येईपर्यंत सगळं यथासांग पार पडलं होतं. त्या दिवसापासून भोंग्याचं डोकं फिरलं.

मांजर टपावर बसलं की वाजायचा. पोरांच्या लगोरीचा चेंडू दाराला लागला की वाजायचा. आणि पुष्कळदा काही न होता वाजायचा, नेमका दुपारच्या जेवणावर. हे हातातला घास टाकून धावायचे, स्विच खालीवर करायचे, मग कधीतरी तो थांबायचा. लालबागहून मिस्त्री आणला. त्यानं सीट उचलली, आत बघितलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, इसमें तो कुंकू भरलंय! पूजा केली ना? मग आता हा देव झाला, तो कुणाचं ऐकेल?" त्यानं स्विच घासूनपुसून बसवला, मग नवा घातला. काही फरक पडला नाही. तारच कापून टाका म्हटलं, तर माई रडायला लागल्या. त्यांच्या माणसानं मागे ठेवलेली तेवढीच एक खटपट होती. मग कोण कापणार?

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ते दिवस वेगळे होते. पोलिसांची गाडी आली की पोरं दगडानं विजेचे खांब बडवायची, तो इशारा ऐकला की दुकानं बंद, बायका मुलांना ओढून घरात. त्यात आमचा भोंगा! पहिल्या पहिल्यांदा तो वाजला की रस्त्यावरचे दुकानदार फळ्या लावायचे. मग त्यांना कळलं, की ही माधवरावांची गाडी आहे. मग शिव्या सुरू झाल्या. मग शिव्याही थांबल्या, कुणी मान वर करून बघेनासं झालं. लांडगा आला रे आला, दुसरं काय. मी मात्र मेटाकुटीला आले होते. पेपर तपासायला बसावं तर तो भोंगा, जरा डोळा लागावा तर तो भोंगा. एकटा वसंत खूश असायचा. वरून कठड्यावर वाकून ओरडायचा, "वहिनी, म्हातारी हाक मारतेय बघा! माधवशिवाय तिला करमत नाही!"

शेवटी एक दिवस मी यांना निर्वाणीचं सांगितलं. "अहो, तार नको कापायला, पण बॅटरी तरी काढा. ती नाहीतरी भोंग्यानं मरायला टेकलीय. चार्जिंगला टाका आणि महिनाभर आणू नका." यांनी ऐकलं. मोकळ्या राहिलेल्या तारांच्या टोकांना माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, बॅटरी गोणपाटात गुंडाळली आणि हातगाडीवर घालून ठाकूरद्वारच्या दुकानात दिली. मी स्वतः दाराशी उभी राहून बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्या दुपारी मी झोपले.

दुसऱ्या दिवशी फोर्टाकडे मोर्चा होता. हे आणि वसंत दोघंही जाणार, हे ठरलेलंच होतं. मला ते नको होतं. आदल्या मोर्च्यात लाठ्या खाल्लेली माणसं मी बघितली होती. पण नको म्हणायची सोय नव्हती. अख्खी वाडी जात होती, आणि खरं सांगायचं तर मुंबई आपल्याला मिळावी असं मलाही पोटातून वाटत होतं. "मागे मागे राहा," एवढंच मी यांना म्हणाले. वसंत जिन्यावरून उड्या मारत आला. "काळजी नको वहिनी, तुमचा नवरा मी परत आणून देतो. संध्याकाळी चहा टाकून ठेवा." दोघं निघाले. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले.

ते वाडीच्या तोंडाशी पोचले असतील-नसतील, आणि भोंगा वाजला.

मी ताट खाली ठेवलं. पहिला विचार आला तो हा, की रस्त्यावर दुसरी कुठली गाडी असेल. पण तो आवाज मी घोकला होता, सुरुवातीला घोगरा आणि मग चढत जाणारा. वरच्या गॅलरीतून कुणीतरी वैतागून ओरडलं, "माधवराव, बंद करा हो ते!" हे वाडीच्या तोंडाशी वळून उभे राहिले होते. चेहरा पार उतरलेला. त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. वसंताला बॅटरीचं माहीत नव्हतं. तो नेहमीसारखा हसला.

"जा रे, म्हातारी बोलावतेय! तिला गप्प कर आणि मागनं ये. मी पुढे होतो."

तो गेला. हे धावत आले आणि बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती. तारांची टोकं माझ्या लुगड्याच्या चिंध्यांसकट लोंबत होती. आणि भोंगा वाजत होता... आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत. यांनी त्याच्यावर हात ठेवला, तेव्हा तो थांबला.

"तू पण ऐकलंस ना?" यांनी विचारलं.

"सगळ्या वाडीनं ऐकलं," मी म्हटलं.

माई दारात हात जोडून उभ्या होत्या. हे गाडीखाली शिरले, सीट उचलली, डिकी बघितली. कुणी चावटपणानं दुसरी बॅटरी जोडली असेल, कुठे तार ओढली असेल... काही नव्हतं. मीही एकेक तार बोटानं चाचपत शेवटपर्यंत गेले. हे म्हणायचे, "एवढं बघतो आणि जातो." मी त्यांना थांबवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. या शोधाशोधीत बराच वेळ गेला. मग रस्त्यावरून माणसं पळत परत येताना ऐकू आली. फोर्टात गोळीबार झाला होता.

वसंत परत आला नाही. हे हॉस्पिटलात जाऊन त्याला ओळखून आले. दोघं बरोबर असते, तर हे त्याच्या शेजारीच असते. मोर्च्यात ते नेहमी खांद्याला खांदा लावून चालायचे.

नंतर मी ठाकूरद्वारच्या दुकानात जाऊन विचारून आले. बॅटरी तिथेच होती, त्या दिवशी दिवसभर चार्जिंगला लावलेली. पुढे ती आणून जोडली, तर भोंगा वाजेना. मिस्त्रीनं खूप प्रयत्न केले. तो पुन्हा कधीच वाजला नाही. काही वर्षांनी गाडी भंगारात गेली, तेव्हा मी तेवढा भोंगा काढून ठेवला. हे त्याच्याकडे बघत नाहीत. वाचल्याचा आनंद यांना कधी झाला नाही, आणि मला झाला तो मी यांच्यासमोर कधी दाखवू शकले नाही. आमच्या संसारात ही एवढी जागा बोलण्यावाचून राहिली.

दसऱ्याला मात्र मी गुपचूप त्या भोंग्याला झेंडूची माळ घालायची. हे त्या वेळी आपट्याची पानं घेऊन वर काकूंकडे जायचे, पहिलं सोनं त्यांना द्यायला. एका वर्षी काकू स्वतःच खाली आल्या, माईंना सोनं द्यायला. माळ घातलेला भोंगा त्यांना दिसला. मला वाटलं, जमीन दुभंगावी. त्या भोंग्यापाशी आल्या.

"त्या दिवशी ह्यो माकाय आयकाक इल्लो गो," त्या म्हणाल्या. "माका वाटला, रोजचोच आसा. मी उठूकय नाय." मग माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. मी बाई शिकलेली, मला ठाऊक असेल, अशा भाबडेपणानं त्यांनी विचारलं, "माझ्या वसंताक कित्याक नाय गो हाक मारल्यान?"

वसंतानंही तो भोंगा ऐकला होता, आणि हसून पुढे गेला होता... हे माझ्या ओठांवर आलं आणि मी गिळलं. काकूंचा हात धरून मी नुसती उभी राहिले. त्यानंतर मी भोंग्याला माळ घातली नाही.

बॅटरीशिवाय भोंगा कसा वाजला, ते मला आजही सांगता येत नाही. वाचकांपैकी कुणाला त्याचं शास्त्र माहीत असेल, तर जरूर कळवा. पण खरं सांगते, ते नाही कळलं तरी माझं आता अडत नाही. काकू जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, आणि त्यांनी जे विचारलं होतं ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.