काकूंनी न पुसलेला आवाज

काकूंचं काम आवाज पुसण्याचं. नव्या माणसाला वाटे थट्टा चाललीय, पण कंपनीत सगळे त्यांना पुसणाऱ्या काकू म्हणूनच ओळखत.

कंपनी लहान मुलांच्या उशाशी ठेवायचे दिवे बनवी. आईनं त्यात आपला आवाज भरून ठेवायचा. पोराला जाग आली की दिवा तिच्या आवाजात बोले. देशोदेशी हे दिवे जात, पण विकत कुणालाच मिळत नसत. भाड्यानं घ्यायचे, पोर मोठं झालं की परत करायचे. परत आलेला दिवा धुऊनपुसून, मोडकं बदलून दुसऱ्या देशात, दुसऱ्या उशाशी. फेकायचं म्हणून काही नाहीच. वरचे साहेब येईल त्याला फळ्यावर भलंमोठं वर्तुळ काढून हे समजावत, म्हणून त्यांना गोलसाहेब हे नाव पडलं होतं. माणूस भला, फक्त हातात खडू देऊ नये.

दिव्यात एका वेळी एकच आवाज मावे. नवा भरला की जुना गेला. आलेला आवाज पुसायचा, आपला भरून तपासायचा आणि मग तोही पुसायचा, हा काकूंचा दिवस. तपासताना बाकीच्या बाया "हॅलो, हॅलो" म्हणत. काकू मात्र विचारत, "झोपलास का रे?"

त्यांचा एकुलता एक मुलगा लहानपणीच तापानं गेला. पोरगा महावस्ताद होता. दुपारी त्याला निजवताना काकू हेच विचारत आणि तो डोळे घट्ट मिटून म्हणे, "थोडासाच." हसून हसून त्यांची पुरेवाट होई. तो गेल्यावर प्रश्न काकूंच्या तोंडी राहिला. उत्तराबद्दल मात्र त्यांनी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

एकदा घाईगडबडीत एका दिव्यातला हा प्रश्न पुसायचाच राहिला. झाकणावर चरा असलेला तो दिवा लांबच्या देशात गेला आणि रीतीप्रमाणे पुढं कधीतरी परत आला. पुसण्याआधी काकूंनी कळ दाबली. आतून लहान मुलाचा आवाज आला, "थोडासाच."

काकूंच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या देशात मराठीचा गंधही नव्हता. त्यांनी गोलसाहेबांना बोलावून आवाज ऐकवला.

"काकू, पोरं पोपटासारखी असतात," साहेब म्हणाले. "तुमचंच ऐकून शिकलं असेल."

"मी नुसतं विचारलं होतं साहेब. उत्तर मी कधीच भरलं नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. काकूंनी तो दिवा मागून पाहिला, पण कंपनीचा दिवा कुणाच्याच मालकीचा होत नाही, असं ते खाली मान घालून म्हणाले आणि पुसायला सांगून निघून गेले. त्या दिवशी फळ्याला त्यांनी हात लावला नाही.

काकूंनी त्याच दिव्यात पुन्हा प्रश्न भरला. या वेळी जाणूनबुजून पुसला नाही. दिवा दुसऱ्याच देशाच्या खोक्यात गेला आणि काकूंचा जीव टांगणीला लागला. परतीची गाडी आली की हातातलं काम टाकून त्या चरा असलेलं झाकण शोधत. घरी जेवणात लक्ष नसे, नवरा विचारी, त्या काहीतरी सांगून वेळ मारून नेत. पोटचं पोर कुठंतरी फिरतंय आणि कधीतरी पुन्हा आपल्या टेबलावर येणार, हे कुणाला सांगायचं?

दिवा आला. काकूंनी तो छातीशी धरून कळ दाबली.

"आई, आता झोपू का?"

आवाज तोच, पण थकलेला. फार जागलेल्या पोराचा. काकूंनी दिवा हळूच टेबलावर ठेवला. इतकी वर्षं, दिवसभर, हाती येईल त्या दिव्यात त्या विचारत आल्या होत्या. विचारून विचारून आपणच त्याचा डोळा लागू दिला नाही, हे त्यांना लख्ख कळलं.

उत्तर द्यायचं तर त्याचा आवाज जाणार होता. त्यांनी तो आणखी एकदा ऐकला. मग आवाज भरायची कळ दाबली आणि त्याला निजवताना बोलत तशा हळू म्हणाल्या, "झोप, राजा. आता कुणी विचारणार नाही."

तोही आवाज त्यांनी नियमाप्रमाणे पुसला. डोळे टिपून पुढचा दिवा ओढला. शेजारच्या बायांनी दचकून माना वर केल्या.

"हॅलो, हॅलो," काकू म्हणत होत्या.