धोटेचे मासे आणि धोटेचं लग्न

आमच्या ऑफिसातले किस्से आठवावे लागत नाहीत, चहा ठेवला की आपोआप निघतात. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, सगळे विभाग आले. फक्त समुद्र आला नाही. आणि आम्ही समता कॉलोनीत, दाताच्या दवाखान्याच्या वर बसून, समुद्रातला कोणता मासा संपत चालला ते ठरवून राहिलो होतो! बंदरांवरून आकडे यायचे, आम्ही ते तपासायचो.

यात मरण झालं आमच्यातल्या धोटेचं. पोट्टा सोन्यासारखा, पण लग्न जुळेना. त्याची आई मले म्हणायची, "भाऊ, याचं काम लोकायले कसं सांगू?"

*

पहिलं स्थळ गुढियारीचं. मुलीचे वडील कांद्याचे व्यापारी. ज्या माशाची धोटेले काळजी, त्याचे तर बाजारात ढीग लागतात, असं ते हसून म्हणाले.

"ढीग लागले म्हणूनच काळजी आहे," धोटे म्हणाला. मोठे मासे संपले की लोक बारीक जाळं टाकतात, मग काही दिवस ढीगच दिसतात, हेही त्यानं समजावलं.

खरं होतं हो! पण ढिगाला नाट लावणारा जावई कांदेवाल्याले कसा चालेल?

*

दुसऱ्या घरी जेवायलाच बसवलं. मुलीच्या आईनं खास बर्फातलं पापलेट मागवून तळलं होतं. धोटेनं ताटातच त्याले बोटं लावून मापलं.

"काकू, याचं अजून लग्न व्हायचं होतं."

एकदाही अंडी न घालता धरला गेला, असं त्याले म्हणायचं होतं. काकूंनी पुढे भात विचारला नाही. हे ऐकून मले असा राग आला! पुढच्या ठिकाणी तोंड उघडशील तर खबरदार, म्हटलं.

*

तिसरं स्थळ चौबे कॉलोनीचं. मुलगी शाळेत शिकवायची. या वेळी मी सोबत गेलो. पोट्टा काहीही विचारलं की "हव" म्हणे आणि गप्प. मलेच घाम फुटला.

शेवटी मुलीनंच विचारलं, ज्या माशाबद्दल काही माहीतच नाही, त्याचं काय करता?

धोटेनं माझ्याकडे पाहिलं. बोल म्हणून मी मान हलवली.

"माहिती अपुरी, असं लिहितो," तो म्हणाला. "धोका आहे म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. पुन्हा जाऊन पाहतो."

निघताना वडिलांनी हात जोडले, कळवतो म्हणाले. त्या शब्दाचा अर्थ आम्हाले पाठ झाला होता. धोटे खाली मान घालून चपला शोधू लागला.

आतून आवाज आला, "बाबा, इतक्यात काय कळवता? माहिती अपुरी आहे. रविवारी पुन्हा बोलवा."