रडकी भिंत

इथे आखातात, जबल अलीच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक आयरिश गृहस्थ बसतात. त्यांच्या गावाकडे म्हणे प्रत्येक शेताला नाव आहे. एका काटेरी झाडाखाली पऱ्या राहतात, म्हणून रस्तासुद्धा झाडाला वळसा घालून गेलाय. डबा खाता खाता मी हे सगळं कौतुकाने ऐकायची. एक दिवस ते हळहळून म्हणाले, "तुझं बालपण इथलं. नुसते बिल्डिंग नंबर आणि सिग्नल. तुला असलं काही मिळालंच नाही."

माझं डोकंच फिरलं. मी जन्मल्यापासून अल कुसैसमध्ये राहते. माझा व्हिसा दर दोन वर्षांनी संपतो, म्हणून माझं गाव हे गाव नाही?

मग मी त्यांना रडकी भिंत ऐकवली. ड्रायव्हिंग टेस्टच्या मैदानाबाहेर एक पिवळट भिंत होती. आई सहाव्यांदा नापास झाली तेव्हा त्या भिंतीला टेकून ढसाढसा रडली आणि सातव्यांदा पास झाली. झालं! आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी ठरवूनच टाकलं, की टेस्टच्या सकाळी तिथे जाऊन आधीच रडून घ्यायचं. रडू येत नसेल तर बाटलीतलं पाणी डोळ्यांना लावायचं. मी शहाणपणा करून तशीच गेले आणि पार्किंगमध्ये नापास झाले. पुढच्या वेळी निमूटपणे बाटली नेली.

ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "पण हे तुमच्या बिल्डिंगपुरतं. जागेचं नाव परक्याच्याही तोंडी असावं लागतं. दाखव बरं ती भिंत."

भिंत गेल्याच वर्षी पाडली होती. ते मी बोलले नाही. चला म्हटलं.

संध्याकाळी टॅक्सी केली. ड्रायव्हर पेशावरचे, पांढऱ्या दाढीचे. इतर वेळी मी बिल्डिंगचा नंबर सांगितला असता. त्या दिवशी हट्टाला पेटले होते.

"चाचा, अल कुसैस. रोनेवाली दीवार."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"दीवार तो खलास हो गई, बेटी," ते म्हणाले. "अब वहाँ शोरूम है. उधर ही उतारूँ?"

आयरिश गृहस्थांना हिंदी येत नाही. मी शब्द न् शब्द भाषांतर करून सांगितलं, दोनदा. डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही पुसलं नाही.