सटवाजीचं बोट

हो म्हटलं तेव्हाच सुनेत्राने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. परदेशात, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये शेजारपाजारच्या मुलांना चित्रकला शिकवणारी ही बाई. कोणी गोड बोललं की विरघळायची. मलायाच्या रेल्वेचं तांजोंग पगारचं जुनं स्टेशन त्या जूनमध्ये बंद होणार होतं आणि इथल्या मराठी तिकीटसंग्राहकांच्या मंडळाला त्यानिमित्त टपालाचं एक खास पाकीट काढायचं होतं. त्यावर चित्र सटवाजीचं, आणि ते काढायचं सुनेत्राने. मलायात रूळ टाकायला गेलेला आणि पुरात खचलेल्या रुळाला खांदा देऊन अख्खी गाडी पार करवणारा गडी. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं, गोष्ट मात्र प्रत्येकाच्या आजोबांना ठाऊक होती.

मॉडेल घरातच मिळालं. तिचा नवरा निशिकांत जहाजावर इंजिनियर. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, आणि घरी असला की सारखा मध्ये मध्ये. रूळ म्हणून तिने त्याच्या खांद्यावर इस्त्रीची फळी दिली. तर हा सारखा हलायचा, पोट आत ओढायचा, रूळ असा धरत नाहीत म्हणून तिलाच शिकवायचा, वर चहा मागायचा. ती जाम करवादली. पण दोन दिवसांनी तो पुन्हा जहाजावर जाणार होता, म्हणून चहाही केला तिने.

तो गेला आणि मंडळाचे फोन सुरू झाले. सेक्रेटरी शैलेंद्र बँकेत मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे चित्रातलंही त्याला सगळं कळायचं. सटवाजीला पोट कसं? तिने पोट उतरवलं. टक्कल शोभत नाही म्हणाला, तिने मुंडासं बांधलं. चेहरा फार हसरा वाटला, तर तिने ओठ मिटवून वर मिशा चढवल्या. प्रत्येक फोनला तिचं डोकं फिरायचं, आणि प्रत्येक फोनगणिक निशिकांत चित्रातून थोडा थोडा निघून जायचा. हेच तिला जास्त झोंबत होतं. जाणं त्याच्या पाचवीलाच पुजलेलं. निदान कागदावर तरी त्याने राहावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

छपाईच्या आदल्या दिवशी शैलेंद्रचा शेवटचा फोन आला. डाव्या हाताचं एक बोट तोकडं दिसतंय, तेवढं नीट करून द्या.

निशिकांतचं ते बोट जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलं होतं, त्यांची लेक झाली त्या वर्षी. बाळंतिणीला घोर नको म्हणून घरी येईपर्यंत त्याने सांगितलंही नव्हतं.

"शैलेंद्र, गाडी खांद्यावर घेतलेल्या माणसाची दहाही बोटं शाबूत राहतील?" ती म्हणाली. "राहतील असं वाटत असेल, तर दुसरा चित्रकार बघा."

आता ऐनवेळी दुसरा चित्रकार कुठून येणार? पाकीट त्या बोटासकट निघालं.

तिने पाकिटाचा फोटो नवऱ्याला ईमेलने पाठवला. पुढच्या बंदरातून निशिकांतचा फोन आला, तो तक्रारीचाच. हा मी नाहीच, उगाच ताटकळत उभं केलंस मला.

"हात बघ," ती म्हणाली.

पलीकडे क्रेन खडखडत होत्या, त्यातच त्याने फोटो पुन्हा उघडून पाहिला. मग तो म्हणाला, "फळी मात्र मी बरोबर धरली होती."

"नव्हती धरलीस," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं.